द्राक्षांचं पुढं काय करतात

मंगळवार, दशमी. केंदूर, दिवेलागण.

ओसरीवर बसून बरगंडीतली गावं पाठ करत होते. पोमार, मर्सो, शाब्ली. लाल वाईन पिनो न्वार द्राक्षाची, पांढरी शार्दोनेची. तिकडं एकेका वावराला नाव असतं, त्याला क्लिमा म्हणतात. आप्पा मागं कधी येऊन उभे राहिले, कळलंच नाही.

"कुठली गं ही गावं?"

"फ्रान्समधली. हॉटेलच्या ट्रेनिंगला पाठ करायचीत. तिथंबी वावरांना नावं हायेत, आपल्या चिंचेखालच्या वावरासारखी."

आप्पांना केवढं बरं वाटलं! "आन् पिकतं काय तिथं?"

"द्राक्षं."

"त्याचं पुढं काय करत्यात?"

त्यांच्या गळ्यातली तुळशीची माळ दिसली आणि तोंडातून निघून गेलं, "मनुके."

का बोलले असं? पण वाईन म्हणाले असते तर नोकरी आजच बंद. आणि उद्याच पहिल्यांदा चाखायची आहे. ट्रेनिंगचे सर म्हणतात, घोट तोंडात घोळवून थुंकायचा, गिळायचा नाही; वास मात्र संध्याकाळपर्यंत तोंडाला राहतो. थुंकलं तरी माळ बाटणारच ना? माझ्याही गळ्यात माळ आहे, आप्पांनीच घातलेली. उद्या काढून पर्समध्ये ठेवू?

आत्ताच देवापुढनं आप्पांनी हाक मारली, "उद्या एकादशी हाय. येताना हाटेलातनं मूठभर मनुके आण. निवद दाखवू."

मनुके कुठल्याही दुकानात मिळतील. पण ते हातात घेताना आप्पा जवळ येऊन विचारतील, "काय शिकलीस आज?" आणि मला तोंड उघडावं लागेल.