पांढरा सूट, तागाची मिशी आणि कृष्णातचे न हसणे

वारणानगरच्या सभागृहात १९९७ साली ऐकलेला एक आवाज अजून कानात आहे: भरल्या सभेत एकट्याच माणसाच्या हसण्याचा. हसणारा मीच होतो, आणि मी रंगमंचावर होतो.

मी, शशिधर नागाप्पा मगदूम, वय चौऱ्याहत्तर, निवृत्त मराठी शिक्षक, राहणार शाहूपुरी, कोल्हापूर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे, कारण ह्या बाबतीत घरात माझ्या शब्दाला किंमत नाही.

१. राहते घर व बँकेतील ठेव चिरंजीव बसवेश व सूनबाई सुष्मिता यांना समान. माडीचे छप्पर गळते, तेही समान.

२. कवितांची पुस्तके माझ्या शाळेला. समासातल्या पेन्सिलीच्या खुणा खोडू नयेत. त्या चाली आहेत.

३. पांढरा सूट, तागाची मिशी व खाकी कागदाची सिगार. ह्यांचा खुलासा करणे भाग आहे. अमेरिकेत एक विनोदी लेखक होऊन गेला. नदीकाठी वाढलेला, म्हातारपणी पांढऱ्या सुटात व्याख्याने देत हिंडणारा. त्याचे लेख मी मराठीत आणले व वारणानगरला त्याचा एकपात्री प्रयोग केला. इथवर ठीक होते. पण जन्मभर वर्गात कविता गाऊन दाखवलेला मी. त्याचे कोरडे, सरळ गद्य भुजंगप्रयातात बसवले आणि चालीवर म्हटले. वर प्रत्येक विनोदाआधी स्वतःच हसलो. शेवटी मिशी गळून पडली तेव्हा मात्र सगळे हसले. सुटाचे फरशी पुसण्याचे फडके करावे. कापड चांगले आहे.

४. जुने भांडण. गणिताचे शिक्षक कृष्णात धोंडिराम चौगुले, माझे तीस वर्षांचे मित्र, ह्यांनी तिसऱ्या रांगेत बसून पहिला हशा सुरू करायचा, असे ठरले होते. ते हसले नाहीत. परतीच्या एसटीत मी जाब विचारला.

"तूच आधी हसतोस की मास्तर! मग आमी काय करायचं? आन् ते गाणं कशाला? सायबाचा सत्यनारायण घातलास की!"

"गणितवाल्याला काव्य काय कळतंय?" मी म्हणालो. तेव्हापासून नऊ वर्षे आमचे बोलणे नाही.

२००४ साली टीव्हीवर त्याच लेखकाची भूमिका करणारा एक नट पाहिला. चेहरा दगडासारखा. एक वाक्य बोलायचा, थांबायचा, सिगारकडे बघायचा. निम्मे इंग्रजी कळले नाही, तरी मी पोट धरून हसलो. मग एकाएकी हसू आटले. कृष्णातचे बरोबर होते.

सबब लेखांची वही, वृत्ते काढून सरळ गद्यात पुन्हा लिहिलेली, कृष्णात ह्यांना द्यावी. सोबत निरोप: तुझं खरं होतं. हा निरोप मी मेल्यावरच पोचवावा. जिवंतपणी तोंडावर सांगण्याचे धैर्य माझ्यात नाही.

५. आमच्या लिंगायत रीतीप्रमाणे मला बसवून पुरावे. प्रयोगही मी खुर्चीत बसूनच केला होता, सवय आहे. त्या वेळी कोणी चालीवर काही म्हणू नये.

स्थळ: शाहूपुरी, कोल्हापूर
दिनांक: १२ नोव्हेंबर २००६
सही: शशिधर नागाप्पा मगदूम
साक्षीदार १: उदयसिंह इंगवले, शेजारी
साक्षीदार २:

ता.क. दुसरा साक्षीदार बघायला सुष्मिताला पाठवले होते. तिने हा कागद आधीच वाचला असावा. दारावर थाप पडते आहे, आणि आवाज ओळखीचा आहे.

"मास्तर, मृत्युपत्र लिवतोयस म्हणं? सही कुठं करायची ते दाव. आन् माज्याबद्दल काय लिवलंयस ते आधी वाच, चाल न लावता!"

कलम ४ मधील 'मेल्यावरच' हा शब्द मी आत्ता खोडला असून बाजूला सही केली आहे. दार उघडायला उठतो.