बुरुजाची पश्चिम भिंत आणि वरचा उतार

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा दगडी बांधकाम, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता, डोके ठिकाणावर असताना लिहीत आहे. फुप्फुसे दगडाच्या धुळीने भरली आहेत, पण हात अजून थरथरत नाही. डॉक्टरांनी तसे तपासून पाहिले आहे.

१. राहते घर मुलाला. छप्पर गळते, हे त्याला माहीत आहे. चार वर्षे तो "पुढच्या आठवड्यात बघतो" म्हणतो आहे. आता स्वतःच्या डोक्यावर गळेल तेव्हा बघेल.

२. छिन्न्या, हातोडे, ओळंबा आणि घमेली सध्या खिंडीतल्या जुन्या बुरुजाची डागडुजी करणाऱ्या गवंडिणीला. चुना पुरता मुरल्याशिवाय ती कामाला हात लावत नाही, यावरून आमचे अनेकदा वाजले. तिचेच बरोबर होते. का, ते पुढे येईल.

३. बुरुजाच्या वरचा डोंगरउतार, सव्वादोन एकर, माझ्या धाकट्या भावाच्या विधवा पत्नीला. मुलगा म्हणतो, "बाबा, नुसता पडून आहे तो. खाणवाला मागे लागलाय." लागू दे. तिथे खाण पडली की माती सुटेल आणि दोन पावसाळ्यांत बुरूज दरीत जाईल. तो उतार कोणी खणू नये, त्यावर बांधू नये.

४. भावजयीला मी हे उपकार म्हणून देत नाही. एकवीस वर्षांपूर्वी बुरुजाची पश्चिम भिंत आम्ही दोघा भावांनी दुरुस्त केली. थंडी तोंडावर आली होती, चुना मुरला नव्हता, पुरातत्त्व खात्याचे साहेब घाई करत होते. भाऊ उतारावर पाण्याचा चर खणत असताना मी भिंतीच्या पोटात सिमेंट भरले आणि वरून चुना फासला. आत शिरलेले पाणी सिमेंटमुळे बाहेर झिरपेना, कोंडले. तिसऱ्या हिवाळ्यात ते गोठले, भिंत फुगली आणि खाली काम करणाऱ्या माझ्या भावावर पडली. चौकशीत ठरले की त्याने खणलेला चर चुकला होता. त्या कागदावर मी सही केली.

तेव्हापासून भावजय दरवर्षी थंडीआधी तो चर एकटी साफ करते. "त्यांच्या हातून चुकलं दादा, निदान मी तरी निस्तरते," असे ती मला म्हणाली होती. मी तिला फावडे नेऊन दिले. चर बरोबरच होता. मला या सगळ्याची लाज वाटते, आणि ती वाटून आता काही उपयोग नाही.

५. भावजयीला साक्षीला बोलावणार होतो, पण ज्याला मिळकत मिळते त्याने साक्ष देऊ नये, असे वकील म्हणाले. खरे सांगतो, मला हायसे वाटले. माझा देह घराबाहेर काढण्याआधी मुलाने कलम चार तिच्यासमोर मोठ्याने वाचावे. ती उठून गेली तर कोणी थांबवू नये. यापुढे चर मुलाने साफ करावा.

हे लिहिताना ती खिडकीतून दिसते आहे, चरात वाकलेली. हाक मारली तर ऐकू जाईल इतकी जवळ.

ठिकाण : राहते घर, उताराकडची खोली
दिनांक : ७ नोव्हेंबर
सही : (गवंडी)
साक्षीदार : १. डॉक्टर २. पोस्टमन