दहा मिनिटांचा उशीर

मी, वय वर्षे एकोणऐंशी, धंदा पेंटर, लोकांत 'शिडीवाला' म्हणून ओळखला जाणारा, असे लिहून ठेवतो की डोळे अधू असले तरी माझे डोके ठिकाणावर आहे आणि माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणणारी होती ती आठ वर्षांपूर्वी गेली. हे माझे पहिले आणि शेवटचे मृत्युपत्र.

कलम एक. राहते दोन खोल्यांचे घर मुलीला. मुलाला त्यात हिस्सा नाही. तो सत्तेतल्या पक्षात गेला म्हणून नव्हे. जाताना म्हणाला, "बाबा, तुमचा अख्खा पक्ष एका रिक्षात मावेल." तेव्हा आम्ही अकरा जण उरलो होतो. खोटे बोलणाऱ्याला घर नाही.

कलम दोन. ब्रश, डबे आणि लाकडी शिडी कोपऱ्यावरच्या नंबरप्लेटवाल्याला. तिसरी पायरी मोडकी आहे, जपून चढावे. या शिडीवर उभा राहून मी वीस वर्षे पक्षाचे चिन्ह भिंतींवर काढले. चिन्हही शिडीच.

कलम तीन. पक्षाचा शिक्का आणि झेंडा शिंप्याच्या मुलीला. शिंपी म्हणजे आमचा अध्यक्ष, शाळेपासूनचा माझा मित्र. मी चिटणीस. तो गेला, पक्षही मेला, आणि आता ही पोर तो उठवायला निघाली आहे. नोंदणीसाठी पंचवीस जुन्या सभासदांच्या सह्या हव्यात. मिळाल्या नऊ. बाकीचे म्हणतात, "चिन्ह विकणाऱ्याच्या पोरीला सही? हात जोडतो, बाई!" माझ्याकडे ती दोनदा आली. दोन्ही वेळा मी झोपेचे सोंग घेतले.

कलम चार. पत्र्याच्या पेटीतला कागद तिलाच. छोट्या पक्षाला चिन्ह दर निवडणुकीला नव्याने मागावे लागते. एकतीस वर्षांपूर्वी चिन्हाच्या मागणीचा हा अर्ज दुपारी तीनच्या आत निवडणूक कचेरीत द्यायचा होता. शिंप्याने सही करून माझ्या हातात दिला. वाटेत बाजाराची भिंत अर्धी राहिली होती. म्हटले, एवढ्या दोन पायऱ्या ओढू आणि जाऊ. पोचलो तीन दहाला. कारकुनाने वर वेळ टाकली आणि अर्ज परत केला.

शिडी मिळाली एका अपक्ष सायकल दुरुस्तीवाल्याला. आम्हाला उरलेली किटली. त्या पठ्ठ्याने एक भिंत रंगवली नाही. आमच्या दोनशे भिंतींवर आयता निवडून आला.

शिंप्याने विचारले, "अर्ज वेळेत दिलास ना रे?" मी म्हणालो, "अडीचलाच दिला. पोच हरवली." त्याने विश्वास ठेवला. कारकून फितला असेल म्हणत मरेपर्यंत हिंडला. लोक म्हणाले, यानेच चिन्ह विकले. दुकानाच्या काचा फोडल्या. मी काय केले? "आतली गोष्ट कोणाला ठाऊक," असे चार ठिकाणी मीही बोललो. अंत्ययात्रेत पुढे होतो, रडलोही. नालायक माणूस मी.

माझ्या मृत्यूनंतर हा कागद जुन्या सभासदांसमोर मोठ्याने वाचावा. जिवंतपणी मला ते जमणार नाही.

इथवर लिहून साक्षीदारांना वाचून दाखवले. एक औषधवाला. दुसऱ्या निवृत्त मास्तरीणबाई, आमच्या जुन्या सभासद. त्यांनीही पोरीला सही दिली नव्हती. चष्मा काढून म्हणाल्या, "डॉक्टर काय म्हणतात तुमचे?"

"आणखी दोन वर्षे आरामात."

"आणि तिच्या अर्जाची मुदत सोमवारी संपते. आज तीनला जुन्यांना तिने शेवटचे बोलावले आहे. म्हणजे पुन्हा उशीरच की हो!"

मी पेन पुन्हा हातात घेतले.

सबब कलम तीन आणि चार खोडली आहेत. शिक्का, झेंडा आणि तो कागद पिशवीत घेतला आहे. कागद माझा मीच वाचणार. सह्या मिळतात की चपला, ते तिथेच कळेल. बाकी कलमे कायम.

साक्षीदार:
१. औषध दुकानदार (सही)
२. निवृत्त मास्तरीणबाई (सही. दुसरी सही पोरीच्या अर्जावर करीन म्हणतात.)

लिहून देणार: शिडीवाला पेंटर (सही)

स्थळ: माझी पुढची खोली. दिनांक सोळा जून. वेळ दुपारचे दोन वाजून पाच मिनिटे. रिक्षा दारात उभी आहे. बाजाराच्या भिंतीवरून नेऊ नको, असे रिक्षावाल्याला सांगितले आहे.