पिल्लांवरची मरळ

शनिवार, संध्याकाळ

तलावात आता दुसऱ्या माशांची पिल्लं खाणारी चिलापीच उरली म्हणतात. पण आज काठाशी मरळीच्या पिल्लांचा लाल पुंजका दिसला. त्यात गळ टाकला की खाली राखणीला असलेली मरळ भुकेनं नाही, रागानं तोंड मारते. मारलंच तिनं. जिवंतच बादलीत घालून वैशूकडे नेली. तिचा बाप भोई, मासेमारीवर जगणारा. त्याला मरळ देऊन आमच्या लग्नाचं काढणार होतो.

वैशूनं दारातच बादलीत पाहिलं. "पिल्लांवरची धरली नं? आमच्यात नाई खात. बाबाले दाखवू नोको."

"मले काय मालूम?"

"कॉलेजबी असंच सोडलं तू. राग आला का झालं, या मरळीवानी."

भांडलो नाही. थकलो बहुतेक. मरळ परत तलावात सोडली, तर लाल पुंजका कुठंच नाही. काठाशी नुसत्या चिलापी. मरळ तिथंच घिरट्या घालत राहिली. मीही काठावरून उठलो नाही.