आमबागेच्या जुन्या पाटीबाबत

मी, विरुपाक्ष रेवणप्पा माळगे, वय ७४, सेवानिवृत्त माळी, राहणार धाराशिव, पूर्ण शुद्धीवर असून, कुणाच्या दडपणाखाली नसताना हे लिहून ठेवतो, असं लिहा म्हणून वकिलांनी सांगितलं. शुद्धीवर आहे. दडपणाचं मात्र खोटं लिहिणार नाही. हल्ली फाटकाची कडी वाजली तरी मला घाम फुटतो.

१. राहतं घर पत्नी नागम्मा हिला. तिच्या हयातीत मुलानं, म्हणजे बसवेशनं, ते विकू नये.

२. खुरपं व छाटणीची कात्री लेक शिवप्रिया हिला. सायकल बसवेशला. त्यानं ती जन्मात एकदा पुसली नाही, हे ध्यानात ठेवूनच देतो.

३. गावातल्या मोठ्या बागेची निजामाच्या काळातली लोखंडी पाटी माझ्या बाजेखाली आहे. ती गंजली म्हणून १९७९ साली नवी रंगवायचं काम माझ्याकडं आलं. अक्षरं उर्दू. राखणदारानं वाचून दाखवलं, ‘बाग-ए-आम’. मी समजलो आंब्याची, आणि रंगवलं ‘आमबाग’. बागेत तर आंबा एकही नव्हता. नाव खोटं पडू नये म्हणून बावीस कलमं लावली. पुढं कळलं, आम म्हणजे सगळ्यांची, आपण आम रस्ता म्हणतो तशी. तोवर झाडांना पाड लागला होता. तिथला आंबा कधी लिलावात गेला नाही. ज्याला सापडेल त्यानं खावा. भरतीची पोरं तिथंच पळतात, एसटी चुकलेल्या बायका तिथंच डबा सोडतात.

आता रणधीर नावाचा बिल्डर म्हणतो, ही त्याच्या आजोबांची आमराई, पाटीच तसं सांगते. घरी येऊन म्हणाला, “काका, बोर्ड तुमच्याच हातचा हाय. जुनी पाटी द्या. न्हायतर तुमीच गुतताल.” मी भ्यालो. पाटी भंगारात गेली म्हणालो. तेव्हापासून त्याची माणसं रोज घरासमोर गाडी लावून बसतात.

४. सदर पाटी माझ्या पश्चात शिवप्रियानं बागेच्या दाव्याच्या सुनावणीत हजर करावी.

इथवरचं साक्षीदार प्रेमाबाईंना वाचून दाखवलं. त्या बागेच्या फाटकावर चाळीस वर्षं शेंगा विकतात. म्हणाल्या, “सुनावणी सोमवारी हाय. तवर मरताव का तुमी?”

५. कलम ४ रद्द. पाटी मी स्वतः नेईन. भीती गेलेली नाही. सही वाकडी आली तरी ती माझीच समजावी.

साक्षीदार:
१. प्रेमाबाई, शेंगा विक्री (अंगठा)
२. गुरुप्रसाद जोशी, निवृत्त शिक्षक (सही)

लिहून देणार: विरुपाक्ष रेवणप्पा माळगे (सही)

दिनांक: ६ नोव्हेंबर २०२५, गुरुवार
ठिकाण: बाग-ए-आम, धाराशिव