तिसऱ्या टाकीच्या तोंडाशी

प्रिय ओरियान,

काल फोनवर आपण तुझ्या खोलीच्या पडद्यांवर वीस मिनिटं बोललो. निळे हवेत की पांढरे, खिडकीची उंची किती, सगळं झालं. फोन ठेवला आणि मी हात पुसायचा रुमाल घेऊन तशीच उभी राहिले. सांगायचं होतं ते राहूनच गेलं होतं. समोरासमोर तर मुळीच जमणार नाही, म्हणून हे पत्र. आज शनिवार आहे. दुपारच्या आत टपालात पडलं तर तू ल्योंहून निघायच्या आधी तुला मिळेल.

इकडे हंगाम ऐन भरात आहे. बीटचे ट्रॅक्टर सकाळपासून दारावरून जातात आणि रस्ता नुसता चिखल करून ठेवतात. तुझे बाबा रोज शिव्या देत अंगण धुतात आणि रोज नव्याने धुतात. तू आमच्याच यीस्टच्या कारखान्यात लागलीस हे त्यांनी पाववाल्यापासून पाद्र्यापर्यंत सगळ्यांना सांगून झालंय. मलाही अभिमान वाटतो. पण तुझं नेमणुकीचं पत्र वाचलं त्या दिवशी मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसले होते.

आजोबा मळीचं काय करायचे ते आठवतं का तुला? साखर कारखान्यातून पिंपभर आणायचे आणि वाळल्या गवतावर शिंपडून गाईंना घालायचे. याच मळीवर आम्ही यीस्ट वाढवणार, ते वाळवून वासरांच्या आणि डुकरांच्या पिल्लांच्या खाद्यात घालायला विकणार, असं मी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "गाय ती गाय. तिला कशाला औषधवाल्याचं दुकान?" मग त्यांच्याच गोठ्यातली वासरं हगवणीतून वाचायला लागली, तेव्हा गप्प बसले. माझ्या जोडीला टाक्यांवर काम करणाऱ्या एर्वेला हे सांगायला फार आवडायचं. चिमूटभर पिवळी पूड तळहातावर घेऊन तो पाहुण्यांना म्हणायचा, "परवापर्यंत ही काळी चिकट मळी होती. आज वासराचं पोट सांभाळते. माणसांचं असं कधी होईल?"

एर्वेकाका. तुझ्या सोळाव्या वाढदिवसाला त्याने तुला जुनी सायकल रंगवून दिली होती, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात तो गेला. तुला तेव्हा सांगितलं ते एवढंच की टाकीत अपघात झाला, आणि आई शांत डोक्याने वागली म्हणून दुसरा माणूस वाचला. कंपनीने मला मानपत्र दिलं, ते बाबांनी जिन्यात टांगलंय. मी त्या जिन्यातून नऊ वर्षं भिंतीकडे न बघता वर जाते.

मंगळवार होता, सकाळचे साडेनऊ. यीस्ट वाढवायची तिसरी टाकी रिकामी करून धुतली होती, पण तळाचा फवारा अडकला होता. आत उतरण्याआधी हवा मोजायची हा नियम तुला पुस्तकात शिकवला असेल. आम्हालाही तोंडपाठ होता. आमचं एक यंत्र दुरुस्तीला गेलं होतं, दुसरं पाचव्या टाकीवर होतं. मी म्हटलं, "थांब, मी घेऊन येते." तो म्हणाला, "जिस्लेन, पाच मिनिटांचं काम आहे. तू येईपर्यंत मी कॉफी पीत असेन." आणि उतरला. मी वर टाकीच्या तोंडाशी वाकून उभी. माझं काम तेवढंच होतं, बघत राहायचं.

तळाला कुठेतरी यीस्टचा थर उरला होता आणि तो रात्रभर सोड्यातला वायू, कार्बन डायऑक्साइड, सोडत होता. हा वायू हवेपेक्षा जड, खाली साचून राहतो, डोळ्यांना दिसत नाही. शिडीच्या शेवटच्या पायरीवरून एर्वे म्हणाला, "नाकाला झोंबतंय, फसफसत्या लिमोनेडसारखं." हसतच म्हणाला. मग दोन पावलं टाकली आणि खाली बसला. दमलेला माणूस बाकावर बसतो ना, तसा. मान वर करून त्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "जिस..." माझं नाव पुरं झालं नाही.

मी एक पाय आत टाकला होता, ओरियान. उजवा. शिडीच्या पहिल्या दांडीवर. आणि मग पाय हलेना. लोक म्हणतात तिला नियम आठवला, की मागोमाग उतरणाराही मरतो. मला नियम आठवला नाही. तू आठवलीस असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल, पण तूही आठवली नाहीस. मला फक्त मरायचं नव्हतं. पाय बाहेर काढला आणि भोंग्याचं बटण दाबलं.

आमचा फोरमन पास्काल धावत आला, आत वाकून पाहिलं आणि जाकीट काढायला लागला. मी त्याच्या कमरेला मिठी मारली. त्याने मला ढकललं, शिव्या दिल्या, "सोड, तो मरतोय!" म्हणून ओरडला. मी सोडलं नाही. यासाठीच ते मानपत्र. खरं कारण असं की तोही आत गेला असता तर वर मी एकटी उरले असते, आणि ते मला सहन झालं नसतं. पाठीला हवेचे सिलिंडर लावलेली माणसं अकरा मिनिटांनी आली. तोवर आम्ही दोघं लोखंडावर गुडघे टेकून त्याला हाका मारत होतो.

चौकशीला आलेल्या बाईंनी लिहून घेतलं आणि म्हणाल्या, "तुम्ही बरोबर वागलात. नाहीतर तीन शवपेट्या लागल्या असत्या." दफनानंतर मार्तिनने, एर्वेच्या बायकोने, माझे दोन्ही हात धरले आणि विचारलं, "शेवटी काही म्हणाला का गं तो?" मी म्हटलं, नाही. अजून ती दर नाताळात मला कांद्याच्या पातीसारख्या लीकची खारी टार्ट भाजून पाठवते. माझ्या घशाखाली ती उतरत नाही, बाबा खातात.

तेव्हापासून मला भीती वाटते. तळघरात मी जात नाही. तुम्ही दोघं हसायचात, आईला उंदरांची भीती म्हणून. मला उंदरांचं काही नाही. सोड्याची बाटली कुणी उघडली की मी उठून खिडकीशी जाते. कामावर मात्र जाते. टाकीत उतरायचा परवाना असलेली, आणि त्या तोंडातून सहज आत जातील एवढी बारकी, अशी आता मी आणि पोलंडहून आलेला यानुश, दोघंच आहोत. नऊ वर्षांत एकोणचाळीस वेळा उतरले. दर वेळी हवा मोजून, यंत्र छातीला लावून, आणि दर वेळी घामाने आतून भिजून. आता नवी यंत्रं आहेत, हवा ओढणारा पंखा आहे, तुझ्याकडे प्रशिक्षणाचा कागद आहे, हे सगळं मला माहीत आहे. भीतीला ते अजून कुणी सांगितलेलं नाही.

आता जे सांगण्यासाठी बसले ते सांगते. काल फळ्यावर पुढच्या आठवड्याची यादी लागली. गुरुवारी तिसरी टाकी साफ करायची आहे. आत उतरणार, जिस्लेन. तोंडाशी उभी राहणार, ओरियान. मी पास्कालच्या दारापर्यंत गेले, यादी बदल म्हणायला, आणि परत फिरले. मला काढलं तरी आत कुणीतरी असेलच आणि वर तू असशीलच. कधी ना कधी हे तुझ्या वाट्याला येणार, आणि कुणी तुला हे सांगितलेलं नसेल. म्हणून ऐक. गुरुवारी मी खाली बसले, मान वर करून तुझं नाव घेतलं, तर आत यायचं नाही. एक पायही आत टाकायचा नाही. भोंगा दाबायचा आणि जो धावत येईल त्याला धरून ठेवायचं, पास्काल असला तरी, आणि तो जितका रागावेल तितक्याच रागाने. नंतर तुला वाटेल की आपण भेकड आहोत. वाटू दे. तसं वाटत असतानाही माणूस जगू शकतो, कामावर जातो, पडद्यांवर वीस मिनिटं बोलतो. मी जगले आहे. हे पत्र वाचल्यावर फोन करू नकोस. बुधवारी स्टेशनवर उतरलीस की फक्त हो म्हण, दुसरं काही बोलू नकोस. मग मला गुरुवारी उतरता येईल.

भित्री, पण तुझीच,
आई