रेलीच्या दगडावरची रिकामी ओळ

ग्रँड शेने, लुईझियाना
१४ ऑगस्ट २०२२

ती. झेनोबिया मावशीस,
क्लोटिल्डचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. कंबरेचं हाड जुळतंय आणि ह्यूस्टनच्या इस्पितळात भात कसा शिजवायचा हे तू तिथल्या लोकांना शिकवायला लागली आहेस, हे वाचून बरं वाटलं. तुला फोनवर ऐकू येत नाही म्हणून मला पत्र लिहावं लागतं, आणि खरं सांगायचं तर ते माझ्या सोयीचंच आहे. बोलायला गेले की रेलीच्या नावापाशी माझा आवाज अडतो. लिहिताना अडत नाही.

मी बरी आहे. औषधांचं दुकान वेळेवर उघडते, वेळेवर बंद करते. अनोळखी माणसं अजून येतात. परवा मालट्रकचा एक चालक आला. दूर नेब्रास्काहून आला होता. मी ऑरेलियस फॉन्तेनोची बहीण का, असं त्याने विचारलं. मी हो म्हटलं. त्याने टोपी काढली, खोकल्याच्या गोळ्या घेतल्या आणि गेला. मी बराच वेळ त्या दाराकडे बघत राहिले. माझ्या धाकट्या भावाने या माणसाचं असं काय केलं होतं? फुटबॉलचा चेंडू काखेत धरून तो पळाला, एवढंच. आणि तेवढ्यासाठी नेब्रास्काचा माणूस हमरस्ता सोडून आपल्या गावात येतो. मला हे अजून पुरतं समजलेलं नाही.

आता कामाचं. आईशेजारच्या थडग्यावर रेलीचा दगड बसवला आहे. नाव आणि तारखा कोरल्या. खालची एक ओळ रिकामी ठेवली आहे, कारण तिथे काय लिहायचं हे ठरत नाही. वेस्टमूर विद्यापीठाचं पत्र आलंय. तो त्यांच्याकडून खेळला आणि तिथूनच व्यावसायिक संघात जाऊन जगभर गाजला, तेव्हा त्यांच्या बोधचिन्हाचा पितळी पत्रा त्या जागी बसवावा, असं त्यांचं म्हणणं आहे. एक नोव्हेंबरला, सर्व संतांच्या दिवशी, त्यांचा माणूस पत्रा घेऊन येणार आहे.

मला तिथे आपल्या गावच्या सेंट बार्नबस कॉलेजचं नाव हवं आहे. तो पहिली दोन वर्षं इथे खेळला आणि टीव्हीवर नेहमी त्याचंच नाव घेत आला. पण तुला आपल्या दफनभूमीचा रिवाज ठाऊक आहे. कॉलेजचं नाव तिथे शिक्षण पुरं केलेल्याच्याच दगडावर. कॉलेज बंद पडलं तरी रिवाज चालू आहे. माझ्या दगडाला अडचण नाही, मी तिथली पदवीधर. रेली मध्येच सोडून गेला. परवानगी माजी विद्यार्थी मंडळ देतं, आणि मंडळाचा अध्यक्ष आहे ल्यूशस पेटवे. रेलीच्या इथल्या संघाचा कर्णधार. मी त्याला जूनमध्ये लिहिलं. उत्तर नाही.

अंत्यविधीच्या वेळी वेस्टमूरच्या लोकांनी शवपेटीवर आपला हिरवा झेंडा घातला. मी तेव्हा कशाला हो म्हणत होते आणि कशाला नाही, मला आठवत नाही. जुना संघ चर्चमध्ये मागे उभा होता. प्रार्थना संपायच्या आत ते सगळे निघून गेले.

तू इथे असतीस तर काय करायचं ते सांगितलं असतंस. पत्रातून सांग.

तब्येतीला जप. इतक्या लांबून जितकी माया पाठवता येईल तितकी पाठव.

तुझी,
क्लोटिल्ड


ह्यूस्टन
२३ ऑगस्ट २०२२

चि. क्लोटिल्ड हिस,
झेनोबियाचे अ. आ.

पोरी, मी तिथे असते तर ते हिरवं फडकं शवपेटीवरून ओढून त्याचे खरकटी पुसायचे रुमाल केले असते. तू तिथेच उभी होतीस आणि बघत राहिलीस! तुझ्या आईचा गप्प राहण्याचा सगळा वारसा तुला मिळाला आणि बोलण्याचा सगळा माझ्याकडे राहिला. असो. झालं ते झालं. तुझी अवस्था काय होती ते मला कळतं.

ल्यूशसला पत्र कसली लिहितेस? तो कॉलेजात असतानाही वाचत नव्हता. त्याच्याकडे जा. घरी नको, टायरच्या दुकानात जा. घरी गेलीस तर तो तुला चांगल्या खुर्चीवर बसवेल, आणि चांगल्या खुर्चीवर बसवलेल्या बाईला नाही म्हणणं सोपं असतं. जाताना अंजिराचा मुरांबा ने. माझ्या कपाटात खालच्या फळीवर गेल्या वर्षीचा आहे. बरणी परत मागायची नाही.

आणि त्याला एक गोष्ट सांग. मी ती आजवर कुणाला सांगितली नाही, कारण कुणी विचारलंच नाही. रेली ज्या दिवशी वेस्टमूरला गेला, त्या दुपारी तो माझ्याकडे, कॉलेजच्या स्वयंपाकघरात आला होता. पोरांना सांगायला आलो आहे म्हणाला. मी त्याला लाल राजमा आणि भात वाढला. तो ताट हातात घेऊन मैदानाकडच्या दाराशी उभा राहिला. बाहेर सराव संपला होता आणि ल्यूशस माझं मोठं पातेलं डोक्यावर घालून प्रशिक्षकाची नक्कल करत होता. पोरं गवतावर लोळत होती हसून हसून. यंदा आपण कुणालाही हरवू, असं ओरडत होती. रेली बघत राहिला. ताटातला भात गार झाला. मग त्याने ताट माझ्या हातात दिलं, माझ्या कपाळाचा मुका घेतला आणि मागच्या दाराने गेला. पोरांना ते रेडिओवरून कळलं. एवढंच मला माहीत आहे.

तो टीव्हीवर सेंट बार्नबस म्हणायचा तेव्हा मी तिथल्या शेजारणींना म्हणायची, बघा, कॉलेजचं नाव घेतो, पण ज्या स्वयंपाकघराने एवढं अंग भरलं त्याचं नाव घेतो का मेला! वीस वर्षं त्या संघाला मी खाऊ घातलं. माझं नाव कुठल्या पडद्यावर आलं नाही.

डोळे पुसलेत. आता तूही पूस. नीट जेव, नाहीतर मी काठी घेऊन बसने येईन.

आशीर्वादात काटकसर नाही, हे ध्यानात ठेव.

तुझी मावशी


ग्रँड शेने
११ सप्टेंबर २०२२

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

काल ल्यूशसकडे गेले. टायरच्या दुकानात. मुरांबा घेऊन.

त्याने बरणी पाहिली आणि पहिलं वाक्य बोलला ते असं, की हा झेनोबियाबाईंचा आहे, तू केलेला नाहीस, तुझ्या हाताला एवढं गोड जमणार नाही. मी म्हटलं, खरं आहे. मग तो पुन्हा चाकाखाली शिरला आणि मी उभी राहिले.

त्याची बायको अर्नेस्टीन आतून आली. तिच्या तोंडून मला जे कळलं ते तुला सांगायलाच हवं. सामना सुरू होताना प्रत्येक खेळाडूचा चेहरा पडद्यावर येतो आणि तो आपलं नाव आणि विद्यापीठ सांगतो, ते तुला माहीत आहे. दर रविवारी ल्यूशस जेवण अर्धं सोडून टीव्हीपुढे येऊन उभा राहायचा. खुर्चीत बसायचा नाही. बाकीचे मोठ्या मोठ्या विद्यापीठांची नावं घ्यायचे. मग रेली यायचा, म्हणायचा, ऑरेलियस फॉन्तेनो, सेंट बार्नबस. की ल्यूशस टीव्ही बंद करायचा आणि गवत कापायला जायचा. रेली खेळत होता तितकी वर्षं हेच. एकही सामना त्याने पाहिला नाही, आणि एकदाही ते नाव चुकवलं नाही. अर्नेस्टीन म्हणाली, गावात एवढं बारीक कापलेलं गवत दुसऱ्या कुणाच्या अंगणात नव्हतं.

हे ऐकून ल्यूशस चाकाखालून बाहेर आला. तो रागावेल असं मला वाटलं. तो म्हणाला, सांगून गेला असता तर आम्ही त्याला खांद्यावर बसवून बसथांब्यापर्यंत नेलं असतं. वाजतगाजत नेलं असतं. एवढंच त्याने करायला हवं होतं.

मग मी तुझी गोष्ट सांगितली. ताट, भात, पातेलं. मला सलग इतकं बोलायची सवय नाही, तरी सांगितली. त्याने मध्ये एकच विचारलं, कोणत्या दाराशी? मी म्हटलं, मैदानाकडच्या. तो हात पुसत राहिला. हात केव्हाच स्वच्छ झाले होते. मग म्हणाला की रिवाज मोडायचा अधिकार त्याला एकट्याला नाही, मंडळापुढे ठेवीन. हो म्हणाला नाही. नाहीही म्हणाला नाही.

मी त्याला रेलीचं बोलणंही सांगितलं. पहिल्या वर्षी टीव्हीवाल्यांनी चित्रण केलं तेव्हा रेलीने वेस्टमूर म्हणायची तयारी केली होती. मी रेलीला नंतर विचारलं, मग बदललं कसं? तो म्हणाला, चित्रण करणारा माणूस म्हणाला की तू कोण आणि कुठून आलास ते सांग, म्हणून मी सांगितलं.

मावशी, मी रेलीला मोठ्या मैदानात एकदाच खेळताना पाहिलं. मला गर्दी सोसत नाही म्हणून पुन्हा गेले नाही. अख्खा तालुका मावेल एवढी माणसं होती. त्याच्या हातात चेंडू आला आणि त्याच्यापुढे कुठेही वाट नव्हती, हे मला वरून स्पष्ट दिसत होतं. आणि तरी तो पलीकडे गेला. कसा गेला ते मी डोळ्यांनी पाहिलं आणि सांगू शकत नाही. सगळं मैदान उठून उभं राहिलं, आणि ओरडायच्या आधी क्षणभर एवढ्या माणसांचा श्वास आत गेलेला मला ऐकू आला. याला मी बुटांच्या नाड्या बांधायला शिकवलं, असं माझ्या मनात आलं, आणि ते कुणाला खरं वाटलं नसतं. मलाही वाटत नव्हतं.

वेस्टमूरचा माणूस, हाल्व्होर्सन त्याचं नाव, नक्की येणार आहे. सभ्य आहे. त्याला नाही कसं म्हणायचं तेही सांग.

माझी काळजी करू नकोस. केलीस तर थोडीच कर, आणि माया तेवढी जास्त कर.

तुझी,
क्लोटिल्ड


ह्यूस्टन
४ ऑक्टोबर २०२२

चि. क्लोटिल्ड हिस,
अ. आ.

हात दुखतो म्हणून थोडक्यात लिहिते. कोणत्या दाराशी असं ज्याने विचारलं, त्याच्यावर मी भरवसा ठेवीन. पण मंडळातली बाकीची म्हातारी डोकी मला माहीत आहेत. एकेकाला मी मक्याची भाकरी जास्त करपली म्हणून रडताना पाहिलंय. ती काय ठरवतील ते देवच जाणे.

पितळवाल्याला नाही म्हणायचं ते जेवायला घालून म्हणायचं. उपाशी माणसाला नकार देऊ नये, तो पुन्हा विचारतो.

मला डॉक्टर सोडत नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा सर्व संतांच्या दिवशी माझ्या हातून थडग्यांना चुना लागणार नाही. तुझ्या आईच्या थडग्याला दोन हात दे, पूर्वेच्या बाजूला पापुद्रे सुटतात. पिवळी शेवंती आण, पांढरी नको, तिला पांढरी आवडत नव्हती. रेलीला कोणती आवडायची हे मला माहीत नाही. हे मला माहीत नाही याचं फार वाईट वाटतं.

काय झालं ते लगेच लिही. वाट बघतेय, पण मुकाट्याने नव्हे.

मावशी


ग्रँड शेने
२ नोव्हेंबर २०२२

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

लगेच लिहायला सांगितलंस, म्हणून दुकान उघडण्याआधी लिहिते आहे.

काल सकाळी मी चुन्याची बादली, कुंचला आणि शेवंतीच्या दोन कुंड्या घेऊन गेले. आपल्याकडे ज्याचं नातं तोच चुना लावतो, तेव्हा दोन्ही थडगी माझ्या एकटीच्याच वाट्याची, असं धरून लवकर निघाले होते. पोचले तर आईचं थडगं वर्षभरात मळलेलं, आणि रेलीचं पांढरंशुभ्र, अजून ओलं. शेजारी ल्यूशस पेटवे उभा. कोपरापर्यंत पांढरा. त्याच्यामागे जुना संघ. काही काठी घेऊन आलेले, एक चाकाच्या खुर्चीत. प्रत्येकाच्या हाताला चुना. चाकाच्या खुर्चीतल्याने खालची कड केली होती.

मी बादली खाली ठेवली. ल्यूशस म्हणाला, तुझ्या आईचं आम्ही केलं नाही, ते तुझं. पण कुंचला धरायची तुझी पद्धत बघता मदत लागेल. आणि लागली. पूर्वेच्या बाजूला दोन हात दिले.

मग पाद्री आले, थडग्यांवर पवित्र पाणी शिंपडलं, प्रार्थना झाली. उन्हामुळे सगळ्यांनी टोप्या परत घातल्या. हाल्व्होर्सन पत्रा घेऊन बाजूला उभा होता. त्याला मी आदल्या रात्रीच जेवू घातलं होतं, पण नाही म्हणायचं राहून गेलं होतं.

ल्यूशसने मंडळाचा निर्णय सांगितला. रिवाज मोडलेला नाही, म्हणाला. शिक्षण पुरं केलेल्याच्याच दगडावर नाव. पण कॉलेज बंद झाल्यावरही जो दर रविवारी साऱ्या देशापुढे त्याचं नाव सांगत राहिला, त्याने ते पुरं केलं असं मंडळाचं मत आहे. त्याला जरा वेळ लागला, एवढंच. मागून कुणीतरी म्हणालं की ल्यूशसलाही लागला होता, गणितात. सगळे हसले.

आणि मग ल्यूशसने पाय जुळवले, समोर बघितलं, जणू तिथे कॅमेरा आहे, आणि म्हणाला, ल्यूशस पेटवे, सेंट बार्नबस. त्याच्या शेजारचा म्हणाला, आयझाया ब्रूसार्ड, सेंट बार्नबस. मग पुढचा. मग त्याच्या पुढचा. यातलं कुणी कधी पडद्यावर आलं नाही, मावशी. कुणी टायर बदलले, कुणी शाळेची बस चालवली. पण त्या सकाळी त्यांनी आपली नावं अशी घेतली की माझ्या अंगावर काटा आला. ते मैदान आता कुरण झालंय, इमारतींची कौलं पडली आहेत, आणि तरी त्या क्षणी एवढं मोठं विद्यापीठ या देशात दुसरं कुठलं नसेल असं वाटलं.

ओळ हाल्व्होर्सनपाशी आली. तो लालबुंद झाला. पत्रा त्याने पाठीमागे धरला होता. हळू आवाजात म्हणाला, पीटर हाल्व्होर्सन, वेस्टमूर. ल्यूशस म्हणाला, हरकत नाही, सगळ्यांचंच नशीब चांगलं नसतं. हाल्व्होर्सनसुद्धा हसला. पत्रा त्याने नंतर स्वतःहून गाडीत ठेवला.

मग सगळे दगडाकडे बघत होते. ज्याची पाळी होती त्याच्यासाठी ते थांबले होते. मावशी, तुला माहीत आहे, मी माणसांसमोर बोलत नाही. पण तिथे दुसरं कुणी नव्हतं. मी म्हटलं, ऑरेलियस फॉन्तेनो, सेंट बार्नबस. आवाज अडला नाही. मग माझी पाळी होती, तेव्हा मी माझं सांगितलं.

आणि मग, अजून एक माणूस राहिलं आहे असं मला वाटलं. मी म्हटलं, झेनोबिया बतीस्त, सेंट बार्नबसचं स्वयंपाकघर.

ल्यूशसने टोपी काढली. मग सगळ्यांनी काढल्या. रेलीच्या नावाला त्यांनी काढल्या नव्हत्या, हे तुला कळवणं मी माझं कर्तव्य समजते.

दगड कोरणारा उद्या येणार आहे. शेवंती मी दोन्हीकडे पिवळीच ठेवली.

चालता येऊ लागलं की ये. सगळे विचारत होते. माया माझ्याकडे आता पुरेशी आहे, तरी तुझी पाठवत राहा.

तुझी,
क्लोटिल्ड